टेपवर लिहिताना पुन्हा पुन्हा येणारी एरर: दोष कार्ट्रिजचा, ड्राइव्हचा की वाटेचा?

रात्रीचा बॅकअप अर्ध्यावर थांबतो. लॉगमधली शेवटची ओळ ‘इनपुट-आउटपुट एरर’. बॅकअप सॉफ्टवेअर त्या कार्ट्रिजवर, म्हणजे टेपच्या डबीवर, ‘खराब’ असा शिक्का मारतं आणि दुसरं मागतं. ते मिळालं की कधी जॉब पुरा होतो, कधी तेही तासाभरात बाद. क्लीनिंग टेप फिरवली, सर्व्हर बंद-चालू केला, की चार दिवस शांतता. मग ये रे माझ्या मागल्या. महिन्याभरात खराब शिक्क्याच्या कार्ट्रिजची रास साठते आणि नवीन मागवायची चर्चा सुरू होते.

त्या राशीतली निम्मीअधिक कार्ट्रिज बहुतेक वेळा ठणठणीत असतात. चोर सोडून संन्याशाला फाशी, असा हा प्रकार. लिहिण्याची एरर तीन ठिकाणांहून येऊ शकते: कार्ट्रिज, ड्राइव्ह, किंवा सर्व्हरपासून ड्राइव्हपर्यंतची वाट, म्हणजे अडॅप्टर, केबल, स्विच आणि त्याच वाटेवर बसलेले इतर सर्व्हर. सॉफ्टवेअरला या तिघांतला फरक कळत नाही. ‘लिही’ म्हटलं आणि ‘नाही जमलं’ असं उत्तर आलं, एवढंच त्याला समजतं. कार्ट्रिज हातात असतं म्हणून शिक्का त्याच्यावर बसतो.

म्हणून पहिला प्रश्न ‘काय बदलू?’ हा नाही. एरर कोणाच्या मागे मागे फिरते आहे, ते आधी बघायचं.

आधी वही

क्लीनिंग टेप घालण्याआधी, काहीही बंद-चालू करण्याआधी, मागच्या प्रत्येक एररची एक ओळ लिहून काढा: कार्ट्रिजचा बारकोड, ड्राइव्हचा सिरीयल नंबर, वेळ, किती जीबी लिहून झाल्यावर थांबलं, आणि सेन्स कोड (एररसोबत ड्राइव्ह देतो तो कारणाचा कोड). साधी स्प्रेडशीट पुरते. जुने जॉब लॉग चाळले तर मागच्या दोन-तीन महिन्यांच्या ओळी सहज मिळतात.

सिरीयल नंबरच लिहा, डिव्हाइसचं नाव नको. लिनक्सवर आज एनएसटी० असलेला ड्राइव्ह रीबूटनंतर एनएसटी१ होऊ शकतो, आणि मग तुमची वही खोटं बोलायला लागते. ‘बाय-आयडी’ फोल्डरमधली कायमची नावं वापरली तर ही कटकट संपते. बॅकअपच्या कॉन्फिगरेशनमध्येही तीच नावं टाका. जाता जाता: स्क्रिप्टमध्ये ‘एन’ नसलेलं, म्हणजे बंद होताना टेप आपोआप गुंडाळणारं डिव्हाइस वापरलेलं नाही ना, तेही बघा. त्यात एरर येतच नाही. दुसरा जॉब पहिल्याच्या डोक्यावरून लिहिला जातो आणि हे रिस्टोरच्या दिवशी कळतं.

दहा-बारा ओळी जमल्या की चित्र बरंचसं दिसतं. एकच बारकोड वेगवेगळ्या ड्राइव्हमध्ये अडखळतोय, तर संशय कार्ट्रिजवर. वेगवेगळी कार्ट्रिज पण एकच ड्राइव्ह, तर ड्राइव्ह. कार्ट्रिजही वेगळी, ड्राइव्हही वेगळे, पण वेळ मात्र ठरलेली, किंवा दोन ड्राइव्ह एकाच मिनिटाला पडतात, तर वाट. एकच ड्राइव्ह असलेल्यांना हा ताळा अर्धाच मिळतो. त्यांना सेन्स कोडवर जास्त भिस्त ठेवावी लागेल.

सेन्स कोड काय म्हणतो

बॅकअप सॉफ्टवेअरच्या लॉगमध्ये तो बहुधा नसतो. लिनक्सवर कर्नल लॉगमध्ये असतो, विंडोजवर सिस्टिम इव्हेंट लॉगमध्ये. तीन आकडे असतात: सेन्स की आणि तिच्यामागे खुलाशाचे दोन.

की ३ म्हणजे माध्यमाची एरर. तिच्यासोबत ०सी/०० आलं तर ‘लिहिताना चूक’. इथे बरेच जण फसतात. ‘माध्यम’ असा शब्द दिसला की कार्ट्रिज कचऱ्यात. पण ड्राइव्हचं म्हणणं एवढंच असतं, की या टेपवर मला नीट लिहिता आलं नाही. एलटीओ (बॅकअपसाठी सर्रास वापरली जाणारी टेपची जात; नावापुढचा आकडा तिची पिढी) ड्राइव्हमध्ये लिहिणाऱ्या हेडच्या मागोमाग वाचणारं हेड असतं. लिहिलेलं लगेच वाचून बघितलं जातं आणि पटलं नाही तर तोच भाग पुढे पुन्हा लिहिला जातो. हा खेळ ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की ३/०सी/०० येतं. हेडवर धूळ बसली, हेड झिजलं किंवा टेप सुरकुतली, तरी कोड हाच. त्यामुळे एकट्या की ३ वरून निकाल देऊ नका, वहीशी ताळा घ्या.

की ४ म्हणजे हार्डवेअर. इथे ड्राइव्ह स्वतःबद्दल बोलत असतो आणि बहुधा खरं बोलतो.

की बी म्हणजे आज्ञा मध्येच सोडून दिली. सोबत ४७ किंवा ४बी असेल तर डेटा वाटेत बिघडला: केबल, कनेक्टर, अडॅप्टर. की ६ सोबत २९ म्हणजे ड्राइव्ह रीसेट झाला किंवा त्याची वीज गेली-आली. की ७ म्हणजे लिहायला मनाई. आधी कार्ट्रिजचं लाल बटण बघा, ते सरकलेलं असतं.

टेप-अलर्ट आणि मोजणीची पानं

ड्राइव्ह स्वतःच्या पोटात बरीच नोंद ठेवतो, क्रमांक दिलेल्या पानांमध्ये. लिनक्सवर ‘एसजी-लॉग्स’ हे साधन ती बाहेर काढतं. आयबीएमचं आयटीडीटी आणि एचपीईचं लायब्ररी अँड टेप टूल्स हेच काम जास्त सोप्या रूपात करतात.

पान २ई हे टेप-अलर्टचं. त्यात ६४ झेंडे, म्हणजे इशाऱ्याच्या खुणा, आहेत, पण रोजच्या कामाचे मोजके: ३ म्हणजे न सावरलेली एरर, ४ म्हणजे माध्यम, ६ म्हणजे लिहिणं फसलं, ७ म्हणजे कार्ट्रिजचं आयुष्य संपलं, १५ म्हणजे कार्ट्रिजमधली चिप बिघडली, २० म्हणजे आत्ता साफ करा, २१ म्हणजे साफसफाईची नेहमीची वेळ झाली, ३० आणि ३१ म्हणजे हार्डवेअर, ३२ म्हणजे इंटरफेस, ३६ म्हणजे तापमान. ३, ४ आणि ६ एकत्र उभे राहणं नेहमीचंच आहे. त्यांच्यासोबत २० आहे का, ३० आहे का, की ३२ आहे, यावरून दिशा ठरते.

एक खोच लक्षात ठेवा. हे झेंडे वाचले की पडतात. तुमचं देखरेखीचं सॉफ्टवेअर दर पाच मिनिटांनी हे पान वाचत असेल, तर तुम्ही हाताने बघाल तेव्हा सगळं स्वच्छ दिसेल. मग झेंडे शोधायचे ते त्या सॉफ्टवेअरच्या नोंदीत किंवा लायब्ररीच्या (कार्ट्रिज आपोआप बदलणाऱ्या टेपच्या कपाटाच्या) स्वतःच्या लॉगमध्ये.

पान ०२ लिहिण्यातल्या चुका मोजतं: सावरलेल्या किती, न सावरलेल्या किती. नुसता आकडा निरर्थक आहे, कारण पुन्हा लिहिणं हा एलटीओच्या रोजच्या कामाचा भाग आहे. तुलना करा. तेच कार्ट्रिज, तेवढाच डेटा, दोन ड्राइव्ह. एकात सावरलेल्या चुका दुसऱ्याच्या कित्येक पट असतील तर तो ड्राइव्ह पडण्याच्या बेतात आहे, आज एरर येत नसली तरी. एलटीओ-५ पासून पुढे पान १७ कार्ट्रिजची आयुष्यभराची आकडेवारी देतं. शिवाय कार्ट्रिजमधल्या चिपमध्ये ते शेवटी ज्या चार ड्राइव्हमध्ये बसलं त्यांचे सिरीयल नंबर असतात. वही ठेवली नसेल तरी ही चिप थोडीफार साक्ष देते.

आणखी एक चिन्ह, जे एरर येण्याच्या बरंच आधी दिसतं: टेप लवकर भरते. एलटीओ-८ ची मूळ क्षमता १२ टीबी. आधीच कॉम्प्रेस केलेला किंवा एन्क्रिप्ट केलेला डेटा असताना ती साडेदहा-अकरालाच संपायला लागली, तर उरलेली जागा पुन्हा पुन्हा लिहिण्यात जाते आहे.

‘किती जीबीवर थांबलं’ हे कशासाठी?

एलटीओची टेप एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकदाच लिहिली जात नाही. शेताच्या टोकाला पोचलेला नांगर वळून परत येतो तसं हेड टेपच्या शेवटाला पोचलं की थोडं बाजूला सरकून उलट दिशेने लिहीत येतं. एलटीओ-८ मध्ये अशा २०८ फेऱ्या होतात, म्हणजे एका फेरीत साधारण ५८ जीबी. आता टेपच्या लांबीत एका जागी आडवी सुरकुती असेल, तर हेडला ती प्रत्येक फेरीत भेटणार. सुरकुती टेपच्या मध्यावर असेल तर वेगाची घसरण दर ५८ जीबीला दिसते. सुरुवातीजवळ किंवा शेवटाजवळ असेल तर साधारण ११५ जीबीच्या अंतराने, जोडीजोडीने. बॅकअपच्या वेगाचा आलेख जवळ असेल तर हा ठेका उघड दिसतो, आणि तो दिसला की त्या कार्ट्रिजबद्दल आणखी पुरावा लागत नाही. ड्राइव्हचा दोष सहसा असा ठेका धरत नाही. कुठेही, कधीही अडखळतो.

अदलाबदल करून बघणं, पण बेताने

संशयित कार्ट्रिज दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघणं ही सर्वांत उघड चाचणी. आधी ते हातात घेऊन बघा. एका कोपऱ्यात टेप ओढणारी धातूची पिन असते. ती तिच्या खाचेत सरळ बसली आहे का? कवचाला तडा? हलवल्यावर खुळखुळ? कार्ट्रिज कधीतरी पडलेलं असेल तर या तिघांपैकी काहीतरी सापडू शकतं, आणि सापडलं तर ते कोणत्याच ड्राइव्हमध्ये घालू नका. वाकडी पिन ड्राइव्हची यंत्रणा मोडू शकते. पापुद्रे सुटणारी टेप चांगलं हेड घाण करते. उलटही खरं आहे: बिघडलेला ड्राइव्ह चांगली टेप चुरगळतो. ‘बघू तरी’ म्हणून संशयित कार्ट्रिज सगळ्या ड्राइव्हमधून फिरवली, तर आठवड्याभरात एका बिघाडाचे चार होतात. एक संशयित कार्ट्रिज, एक खात्रीचा ड्राइव्ह. एक संशयित ड्राइव्ह, एक खात्रीचं रिकामं कार्ट्रिज. बस.

चाचणीत काय लिहिता यालाही महत्त्व आहे. शून्यांची फाइल टेपवर ढकलून ‘पाचशे जीबी बिनबोभाट गेले’ असं सांगणारे भेटतात. ड्राइव्हचं कॉम्प्रेशन चालू असेल तर त्या पाचशे जीबीतला नगण्य भाग टेपवर उतरतो, टेप जेमतेम हलते. चाचणी झालीच नाही. यादृच्छिक डेटाची मोठी फाइल आधी वेगवान डिस्कवर बनवून ठेवा आणि ती लिहा, किंवा चाचणीपुरतं कॉम्प्रेशन बंद करा. पूर्ण कार्ट्रिज भरायला वेळ लागतो: एलटीओ-८ ला ३६० एमबी प्रति सेकंदाने सव्वानऊ तास, एलटीओ-९ च्या १८ टीबीला ४०० ने साडेबारा. तरी एकदा पूर्ण भरा आणि पूर्ण वाचा. पहिल्या दहा मिनिटांत न दिसलेला दोष आठव्या तासाला, ड्राइव्ह तापल्यावर दिसतो. निर्मात्याच्या साधनातली लिहिण्याची चाचणीही चालेल. फक्त ती कार्ट्रिजवरचं सगळं पुसते हे विसरू नका.

क्लीनिंग टेप

क्लीनिंग टेप हेड घासते. तिचं कामच ते आहे. म्हणून ड्राइव्ह मागेल तेव्हा घालायची, मनाला येईल तेव्हा नाही. दर एररनंतर सवयीने साफ केल्याने हेडचं आयुष्य कमी होतं, शिवाय झेंडा २० मुळात उभा होता की नाही हा पुरावाही जातो. साधारण ५० वेळा वापरून ती संपते. संपलेली टेप ड्राइव्ह बाहेर टाकतो आणि झेंडा २२ दाखवतो, पण लायब्ररीत ती तशीच महिनोन् महिने आपल्या स्लॉटमध्ये बसून राहते आणि साफसफाई होते आहे असा सगळ्यांचा समज असतो. आपोआप साफ करण्याची जबाबदारी लायब्ररीकडे तरी द्या किंवा सॉफ्टवेअरकडे. दोघांकडे दिली की दोघं एकमेकांच्या मध्ये येतात.

साफ केल्यावर एक-दोन दिवसांत ड्राइव्ह पुन्हा साफसफाई मागत असेल, तर वहीत बघा: प्रत्येक मागणीच्या आधी कोणतं कार्ट्रिज बसलं होतं? एकच नाव वारंवार आलं तर घाण तेच करतंय. वेगवेगळी आली आणि साफसफाईने फरकच पडत नसेल तर हेड झिजलं आहे, ड्राइव्ह बदलायची वेळ झाली.

डेटा पुरत नाही म्हणून

हे कारण माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित आहे, कारण ते थेट एरर देत नाही, एररची जमीन तयार करतं. ड्राइव्हला टेप सलग पळती ठेवायची असते. येणाऱ्या डेटाप्रमाणे तो वेग कमी करतो, पण त्यालाही तळ आहे. एलटीओ-८ च्या पूर्ण उंचीच्या ड्राइव्हला तो ११२ एमबी प्रति सेकंदाच्या आसपास. त्याखाली डेटा आला की टेप थांबते, मागे जाते, पुन्हा वेग घेते. या मागे-पुढे घासण्याला शू-शायनिंग म्हणतात. रात्रभर हे चालू राहिलं तर टेप आणि हेड दोन्ही वेळेआधी म्हातारे होतात. हा आकडा टेपवर उतरणाऱ्या डेटाचा आहे. तुमचा डेटा ड्राइव्हमध्ये निम्मा होत असेल, तर सर्व्हरला दुप्पट वेगाने पुरवठा करावा लागतो.

लाखो बारीक फाइलींचा सर्व्हर नेटवर्कवरून थेट टेपवर घेत असाल तर ही अवस्था जवळपास नक्की. उपाय एकच चांगला: आधी डिस्कवर साठवा, मग तिथून सलग टेपवर. ती मधली डिस्कही वेगवान हवी, नाहीतर एका जॉबचं लिहिणं आणि दुसऱ्याचं वाचणं एकाच वेळी आलं की तीच मान टाकते. ब्लॉकचा आकार ६४ केबीवरून २५६ केबी किंवा त्याहून वर नेल्यानेही फरक पडतो. मात्र चालू सेटिंग बदलण्याआधी जुन्या टेप नव्या सेटिंगने वाचता येतात का ते तपासा. बॅक्युला हे बॅकअप सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी त्याच्या ‘बी-टेप’ साधनाची चाचणी आहे, ती रिकाम्या कार्ट्रिजवर चालवा.

वाट

वाटेच्या दोषात वही गोंधळलेली दिसते: आज हे कार्ट्रिज, उद्या ते, कोडमध्ये ६/२९ किंवा बी/४७. लिनक्सचा टेप ड्रायव्हर रीसेटनंतर टेप नेमकी कुठे आहे हे माहीत नाही असं धरतो आणि ती गुंडाळेपर्यंत किंवा नव्याने जागेवर नेईपर्यंत लिहू देत नाही, इनपुट-आउटपुट एरर देतो. म्हणजे एक क्षणाचा रीसेट, आणि धडधाकट कार्ट्रिजवर खराबचा शिक्का.

रीसेट कोणी केला? सामायिक फायबर चॅनेलवर (सर्व्हर आणि साठवणीची उपकरणं जोडणाऱ्या जाळ्यावर) दुसरा सर्व्हर सुरू होताना सगळी डिव्हाइस चाचपतो. झोनिंग, म्हणजे कोणाला काय दिसावं याची स्विचवरची वाटणी, ढिलं असेल तर तुमचा टेप ड्राइव्हही त्याच्या हाताला लागतो. टेप ड्राइव्ह फक्त त्याच्या बॅकअप सर्व्हरला दिसेल असा झोन करा, आणि डिस्कच्या झोनमध्ये टेप ठेवू नका. डिस्कची तब्येत बघणाऱ्या सेवा कधी कधी टेपलाही प्रश्न विचारत बसतात, त्यांच्या यादीतून ती काढा. एसएएस (सर्व्हरला थेट केबलने जोडणी) असेल तर ड्राइव्ह साध्या अडॅप्टरवर जोडा, रेड कंट्रोलरवर (अनेक डिस्क एकत्र बांधणाऱ्या कार्डावर) नको. केबलसाठी लिनक्सच्या सिस-एफएस (कर्नलची माहिती दाखवणाऱ्या फोल्डर) मधलं मोजमाप बघा: एसएएसला चुकीच्या डीवर्डची (बिघडून पोचलेल्या तुकड्यांची) संख्या, फायबरला चुकीच्या सीआरसीची (डेटा नीट पोचला का ते ताडणाऱ्या आकड्याची). हे आकडे जॉब चालू असताना वाढत असतील तर केबल बदला. टेपवाल्यांच्या सगळ्या दुरुस्त्यांत ही सर्वांत स्वस्त, आणि सहसा शेवटी सुचणारी.

ज्या एरर खऱ्या एरर नसतात

एलटीओ-९ चं नवं कार्ट्रिज पहिल्यांदा ड्राइव्हमध्ये गेलं की टेपचं मोजमाप घेतलं जातं. सरासरी ४० मिनिटं, कधी दोन तासांपर्यंत. सॉफ्टवेअरची वाट बघण्याची मर्यादा त्याहून कमी असेल तर जॉब पडतो आणि कोरं कार्ट्रिज खराब ठरतं. नवा खोका आला की तो सर्व्हर-खोलीच्या हवेत एक दिवस मुरू द्या, मग सगळी कार्ट्रिज एकेक करून भरवून हे मोजमाप बॅकअपच्या वेळेबाहेर उरकून घ्या.

एलटीओ-८ ड्राइव्हला एलटीओ-६ चालत नाही, वाचायलाही नाही. आधीच्या काही पिढ्या दोन पायऱ्या मागचं वाचत, ती सवय इथे मोडली. एकदाच लिहिता येणाऱ्या वर्म कार्ट्रिजवर पुन्हा लिहायला गेलात तर मनाईची एरर येणारच.

ड्राइव्ह बदलायचा ठरला तर

वीज बंद करण्याआधी ड्राइव्हचा डंप, म्हणजे त्याच्या आतल्या नोंदींची फाइल, काढून ठेवा. निर्मात्याचा माणूस तोच आधी मागतो, आणि बंद-चालू केल्यावर त्यातलं कामाचं बरंच निघून गेलेलं असतं. नवा ड्राइव्ह आल्यावर सिरीयल नंबर बदलतो, म्हणून ‘बाय-आयडी’ची नावं कॉन्फिगरेशनमध्ये नव्याने टाका. काही लायब्ररी ड्राइव्हच्या जागेला स्वतःचा कायमचा नंबर देतात. तिथे हे करावं लागत नाही.

आता ती रास. ज्या कार्ट्रिजना दोन वेगवेगळ्या, खात्रीच्या ड्राइव्हमध्ये एरर आली ती कायमची बाजूला. त्यांच्यावर एररच्या आधीपर्यंत लिहिलेला डेटा बहुधा वाचता येतो, तो दुसऱ्या कार्ट्रिजवर उतरवून घ्या. ‘डीगॉस करून (चुंबकाने सगळं पुसून) नव्यासारखं करू’ हा विचार मनात आणू नका. एलटीओ टेपवरच्या सर्वो खुणा, म्हणजे हेडला वाट दाखवणाऱ्या खुणा, कारखान्यात लिहिलेल्या असतात. त्या पुसल्या की कोणताही ड्राइव्ह ती टेप पुन्हा ओळखत नाही. बाकीची, म्हणजे फक्त आजारी ड्राइव्हमध्ये किंवा रीसेटमध्ये बाद ठरलेली, चांगल्या ड्राइव्हवर पूर्ण वाचून बघा. वाचली गेली तर शिक्का काढा. बॅक्युलात त्यांची स्थिती ‘एरर’वरून ‘यूज्ड’ करा, ‘अपेंड’ नको. म्हणजे अर्धवट तुटलेल्या जागेच्या पुढे नवं काही लिहिलं जात नाही आणि मुदत संपली की ती आपोआप पुन्हा वापरात येतात.

आणि त्या ड्राइव्हने शेवटच्या काही आठवड्यांत एकही एरर न देता लिहिलेली कार्ट्रिज? त्यांच्यावर शिक्का नाही म्हणून ती सहसा कोणी तपासत नाही. ती आधी तपासा. दुसऱ्या ड्राइव्हमध्ये पूर्ण वाचा, अलीकडच्या पूर्ण बॅकअपपासून सुरुवात करून मागे जा, आणि जी वाचताना सावरलेल्या चुकांचा आकडा बाकीच्यांपेक्षा फार वर जाईल तिची प्रत त्याच दिवशी काढा.